जुना टाइपरायटर घ्यायचाय, शोभेला नाही, वापरायला. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन एक लालभडक ऑलिवेट्टी व्हॅलेंटाइन हेरून ठेवलाय. बजेट ताणून घ्यावा का आणि त्यावर रोजची डायरी लिहिता येईल का, असं विचारलंय. घेऊ नका. निदान पहिलं मशीन म्हणून तरी नको.

व्हॅलेंटाइन देखणा आहे, वादच नाही. १९६९ साली बाजारात आला आणि पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जाऊन बसला. पण तुम्ही पैसे मोजता ते रूपाचे. आतलं यंत्र त्याच कंपनीच्या लेटेरा ३२ च्याच जातीचं आहे, आणि तो तुलनेने स्वस्तात मिळतो.

आपल्याकडे सुरुवात करायची तर गोदरेज, रेमिंग्टन किंवा फॅसिटचं ऑफिसातलं धूड बघा. उचलताना कंबर सांभाळावी लागते, रंग करडा नाहीतर हिरवट, पाहुण्यांवर छाप काहीच पडत नाही. पण ही मशिनं दिवसभर हाणामारी सोसायला बनवलेली. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि २००९ पर्यंत ते बनवत होते, म्हणजे सुटे भाग आणि ते ओळखणारे हात अजून सापडतात. (२०११ मध्ये ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी फिरली होती ती यांच्यावरूनच. ती खरी नव्हती, बाहेर इतर कंपन्या तेव्हाही मशिनं बनवत होत्या.)

कुठे मिळतील? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार इथे चक्कर मारा, पण माझा भरवसा बंद पडलेल्या टायपिंग क्लासांवर जास्त. मी स्वतः इंग्रजी तीस आणि मराठी तीस (म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा) अशाच एका क्लासात पास झालो. ‘ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे’ हे अजून झोपेत म्हणून दाखवीन. सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि क्लासवाल्यांनी मशिनं किलोवर भंगारात घातली. तरी एखाद्या सरांच्या माळ्यावर दोन-चार उरलेली असतात. जाऊन विचारा, चहा पिऊन या. मला माझं गोदरेज असंच मिळालं.

त्याआधी मात्र मी फसलो होतो. एका भंगारवाल्याकडून बाराशे रुपयांना एक पोर्टेबल उचललं. कळा दाबल्या की अक्षर उठायचं, पण कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, जागचं हलायचं नाही, म्हणजे सगळी अक्षरं एकाच जागी एकमेकांवर. तो म्हणाला, “तेल सोडा साहेब, पळेल.” मी घरी येऊन शिलाई मशीनचं तेल जिथे फट दिसली तिथे ओतलं. आठवड्याभरात त्यात धूळ बसून खळ झाली आणि ज्या कळा चालत होत्या त्याही चिकटल्या. शेवटी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेलं. त्यांनी मशीन उलटं केलं, टॉर्च मारला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खालीच बघितलं. कॅरेज ओढणारी दोरी तुटलेली होती, बस्स. स्प्रिंगच्या डबीपासून कॅरेजच्या टोकापर्यंत जाते ती. त्यांनी मासे धरायची नायलॉनची दोरी बांधली, डबीला मोजून काही वेढे दिले आणि कॅरेज सुटलं. दोरीला दहा मिनिटं लागली, माझं तेल काढायला दोन दिवस.

म्हणून बघायला जाताना खिशात दोन कोरे कागद ठेवा. दोन्ही एकत्र रोलरवर चढवा. स्पेसबार दाबत कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता जातंय का आणि ओळ संपायच्या आधी घंटी वाजतेय का ते ऐका. मग प्रत्येक कळ मारा, शिफ्टसकट. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एका रेषेत बसली पाहिजेत. रोलरचं रबर नखाने दाबून बघा. दगडासारखं झालं असेल तर आवाज मोठा येतो आणि ठसे कागद भोसकतात, पण मशीन चालतं, भाव पाडायला उपयोग होतो. चिरलेला सांगाडा किंवा तुटलेला टाइपबार (अक्षराचा ठसा असलेली दांडी) दिसला तर नमस्कार करून निघा. रिबन, म्हणजे शाईची फीत, सुकलेली असणारच, तिच्यावरून काही ठरवू नका.

दोन गोष्टी नवखे हमखास ‘बिघाड’ समजतात. एक, रंग बदलायच्या खटक्यावर पांढरी खूण असते. तिथे काटा असेल तर रिबन वर येतच नाही, कारण ती जागा स्टेन्सिल (प्रती काढायचा मेणकागद) कापायला होती. काटा निळ्यावर किंवा काळ्यावर आणा. दुसरी, पुष्कळ जुन्या मशिनांवर १ चा आकडा नसतोच. तिथे स्मॉल ‘एल’ मारायचा. उद्गारचिन्हही नसलं तर ॲपॉस्ट्रॉफी, बॅकस्पेस, खाली पूर्णविराम.

साफसफाईला रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश पुरतो. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ बसू नका. टाइपबार ज्या अर्धगोल खाचांमधून उठतात तो सेगमेंट धुऊन कोरडा ठेवायचा, तिथे तेलाचा थेंबही नको. तेल फक्त कॅरेजच्या पट्ट्यांवर, तेही कापडाला लावून. ‘ओ’ आणि ‘ई’ची पोटं शाईने भरलेली असतात, ती टाचणीने कोरा. नवी रिबन अर्ध्या इंचाची घ्या, पण जुनी रिळं फेकू नका. नव्यांचा आकार जुळला नाही तर रिबन हाताने जुन्या रिळावर गुंडाळावी लागते. बोटं दोन दिवस काळी राहतात. पावसाळ्यात मशीन झाकून ठेवा, नाहीतर गंज धरतो.

आता खरा मोह. डायरी मराठीत लिहिणार असाल तर देवनागरी मशीन शोधा. ही झपाट्याने भंगारात जातायत आणि परदेशातल्या हौशी लोकांना त्यांचं काय करावं ते कळत नाही. त्यावर हात बसायला वेळ लागतो, पण मजा वेगळी आहे. ‘श’ किंवा ‘ण’ सबंध नसतो, अर्धा मारून पुढे काना द्यायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. मात्रा, उकार, अनुस्वार मारला की कॅरेज हलत नाही, खूण अक्षराला जाऊन चिकटते. क्लासात ‘विद्यार्थिनी’ लिहिताना माझी बोटं गुंतायची आणि सर पट्टी टेबलावर आपटायचे.

टाइप करताना कळ दाबायची नसते, मारायची असते. तापल्या तव्याला बोट लागल्यासारखं मारून लगेच उचला. कॉम्प्युटरवर वाढलेल्यांची करंगळी कच्ची असते, त्यामुळे पहिले काही दिवस ‘ए’ फिका उमटेल. बोटांचा तो दोष, मशीनचा नव्हे. कागद मात्र नेहमी दोन घाला, मागचा रोलर वाचवतो.

डायरीचं विचारलंत, तर हो, मी रोज एक पान लिहितो. चुकलं की त्यावर फुल्या मारतो आणि पुढे जातो. मशीनखाली घडी घातलेली सतरंजी टाका. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्या आठवड्यात वर येऊन विचारलं होतं की रात्री अकरा वाजता सुपारी कोण फोडतंय.