माळ्यावर ठेवलेली फाईल

प्रिय बाळा,

परवा घरी आलास. पावसाची सर आली तसा बोलता बोलता थांबलास आणि तुझी नजर दाराच्या उंबरठ्यावर खिळली. नंतर हळूच सांगितलंस, की मार्कशीटची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून अजूनही रोज रात्री माळ्यावर ठेवतोस. तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून आज लिहिते आहे.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचं पाणी तुझ्या तळमजल्याच्या खोलीत शिरलं. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. अंधारात, छातीभर पाण्यात तू घरमालकिणीच्या म्हाताऱ्या सासूला जिन्यापर्यंत ओढत नेलंस. पाणी ओसरलं, खोलीही बदललीस. तुझ्या शरीराला मात्र ते संपल्याची खबर अजून पोचलेली नाही.

याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, म्हणजेच आघातोत्तर तणाव विकार. तुला तोच आहे की नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतील. पण तू सांगितलेल्या खुणा मी वॉर्डात पुष्कळदा पाहिल्या आहेत. नको असताना तीच रात्र डोळ्यांपुढे उभी राहते. तलावाचा रस्ता टाळून लांबून जावंसं वाटतं. भांडं पडलं तरी दचकायला होतं, झोप उडते, जवळची माणसं परकी वाटू लागतात. आघातानंतरचे पहिले काही दिवस असं बहुतेकांना होतं आणि हळूहळू निवळतं. महिना उलटूनही ते रोजच्या जगण्यात आडवं येत असेल, तर उपचार घ्यायचे. साधी आठवण जुनी होत जाते. ही मात्र धोक्याच्या घंटेसारखी आत वाजत राहते, आणि टाळत गेलं की भीती आणखी मुरते.

काका म्हणाले ना, "पोट्टा असून पाण्याले भेते का बे?" ते वाक्य मनातून काढून टाक. पहिल्या महायुद्धात असाच त्रास होणाऱ्या सैनिकांना भेकड ठरवलं गेलं, काहींना तर गोळ्या घातल्या. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या आजाराला हे नाव 1980 साली मिळालं, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर. त्या सैनिकांपेक्षा तू कच्चा आहेस असं मला मुळीच वाटत नाही.

आईनं उतारा टाकला म्हणून तिच्यावर चिडू नकोस. पोराला काहीतरी झालंय, हे सगळ्यांच्या आधी तिनंच ओळखलं. आपल्याकडे मनाचं दुखणं भीती बसली, बाहेरचं लागलं, छातीत धडधडतं, अशाच शब्दांत बोललं जातं. तू स्वतः महिनोन्महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्यास, आठव. तिचा उतारा असू दे, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

उपचारांत मुख्य भाग बोलण्याचा असतो. प्रशिक्षित समुपदेशकासोबत ती रात्र थोडी थोडी करून, तुला झेपेल तशी, पुन्हा सांगायची. टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीनं जायचं. ईएमडीआर नावाची पद्धतही आहे, तीत आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायचे असतात. गरज वाटली तर डॉक्टर सर्ट्रालीनसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नकोस. मेडिकल स्टोअरमधून झोपेच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नकोस, आणि मित्रांसोबतची ती बाटलीही बंद कर. हे मी कळकळीनं सांगते आहे.

रात्री फार घाबरायला झालं तर 14416 वर फोन कर. टेली मानसची ही सरकारी सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास. मराठीतून बोलता येतं.

मानसोपचार विभागाचं नाव काढलं की आपल्या नागपुरात अजून लोक आवाज खाली करतात, आणि तूही परवा तसाच केलास. म्हणून एकटा जाऊ नकोस. सोमवारी सकाळी साडेआठला मी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या गेटशी उभी असेन. केसपेपरच्या रांगेत मी थांबते, तू बाकावर बस. फाईल माळ्यावरच राहू दे, दवाखान्यात तिची गरज नाही.

तुझी,
सिस्टर मावशी