सिस्टर, पाकिटावरची तारीख बघा

खानापूर तालुक्यातल्या एका सिस्टरचं पत्र ६ जुलैला हातात पडलं. मार्चमधल्या एका रात्री खाजगी नर्सिंग होममध्ये त्या एकट्या ड्यूटीवर होत्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं म्हणून तापाच्या पेशंटला अँटिबायोटिकचं इंजेक्शन शिरेतून दिलं. दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, दम लागला, बीपी पडलं. पेशंटला रातोरात बेळगावला हलवलं आणि तो वाचला. आता घरच्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात १८ लाखांची तक्रार केली आहे. डॉक्टर, नर्सिंग होम आणि सिस्टर, तिघेही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते. ‘यात माझी चूक किती?’ असा त्यांचा प्रश्न आहे. या वर्षात अशा मजकुराचं हे चौथं पत्र, म्हणून त्यांना फोनवर सांगितलं तेच इथे लिहितोय.

ताई, चूक किती ते केस पेपर बघितल्याशिवाय कुणी सांगू नये आणि सांगितलं तर तुम्ही ऐकू नये. पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता, तुम्ही एक ओळ लिहिली आहे: ‘नोटीस २ जूनला आली, सासूबाईंनी सही करून घेतली, मी माहेरी चंदगडला होते, आठ दिवसांनी बघितली, कन्नडमध्ये होती म्हणून ठेवून दिली.’ पत्रात महत्त्वाचं आहे ते एवढंच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३८. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं, म्हणजे तक्रारीला आपलं उत्तर, द्यायचं. आयोगाने मुदत वाढवली तर आणखी १५ दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. पूर्वी आयोग सांभाळून घ्यायचे, थोडा दंड लावून उशिरा आलेलं म्हणणं ठेवून घ्यायचे. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते दार बंद केलं. तो निकाल जुन्या कायद्यावरचा असला तरी नव्या कायद्यात मुदतीची तरतूद तीच आहे. गंमत बघा, आपला सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे आणि तुमच्या हातात मोजून ४५ दिवस.

२ जूनपासून मोजा. ३० दिवस २ जुलैला संपले, म्हणजे पत्र टाकायच्या आधीच. ४५ वा दिवस १७ जुलै. ‘माझ्या हातात ती दहा तारखेला आली’ हा मुद्दा मांडता येईल, पण त्यावर विसंबू नका. घरातल्या मोठ्या माणसाने सही करून घेतलेली नोटीस पोचली असंच बहुधा धरतात. कन्नड वाचता येत नाही या कारणाने तर घड्याळ अजिबात थांबत नाही. शेजारच्या हायस्कूलच्या पोराकडून वाचून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. रागावून लिहितोय, पण खोटं लिहीत नाही.

एक वाट मात्र तपासून बघा. दिवस मोजायचे ते तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून, असं त्याच निकालात आहे. पाकिटात फक्त दोन पानांची नोटीसच होती की तक्रारीची प्रतही होती? प्रत नसेल तर तो मुद्दा मोठा आहे आणि मुदतीच्या अर्जात तो पहिल्या ओळीत यायला हवा. तरीही १७ तारीख चुकवू नका. म्हणणं दाखल झालं नाही तर तुमची हकीकत रेकॉर्डवर येतच नाही, आणि एकतर्फी हुकूम झाला तर जिल्हा आयोगाला तो स्वतः रद्द करता येत नाही, मग अपिलाच्या वाऱ्या.

आता वकीलपत्राचं. मॅनेजर म्हणाले ‘आमचे वकील तिघांचं एकत्रच बघतील’ आणि तुम्ही कोऱ्या वकीलपत्रावर सही करून दिलीत. का दिलीत? नर्सिंग होमच्या म्हणण्यात उद्या ‘सिस्टरने डॉक्टरांना न विचारता इंजेक्शन दिलं’ हे वाक्य आलं, तर ते तुमच्याच वकिलाने लिहिलेलं असेल. एरवी नोकराच्या कामाची भरपाई मालकावर येते. इंजेक्शननंतर लहान मूल कायमचं जायबंदी झालेल्या दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली जबाबदारी रुग्णालयावरच टाकली होती. म्हणूनच रुग्णालयाला ती तुमच्याकडे सरकवावीशी वाटणार. ते वकीलपत्र रद्द करत असल्याचं लेखी कळवा, पोच घ्या आणि स्वतःचं वेगळं म्हणणं द्या. ग्राहक आयोगात स्वतः उभं राहिलं तरी चालतं. वकिलाची फी परवडत नसेल तर बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता वकील मिळतो.

म्हणण्यात लिहायचं काय? रात्री किती वाजता फोन केला, डॉक्टर काय म्हणाले, औषधाचं नाव आणि डोस तुम्ही फोनवर परत म्हणून दाखवलात का, पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी झाली होती का हे पेशंटला विचारलंत का. शेवटचं विचारलं नसेल तर ‘विचारलं’ असं लिहू नका. फोन विकू नका, बदलू नका. त्यातली २ वाजून १० मिनिटांची कॉलची नोंद आज तुमच्याकडे असलेला जवळजवळ एकमेव पुरावा आहे, कारण नर्सिंग नोटमध्ये ‘डॉक्टरांच्या फोनवरून’ हे दोन शब्द तुम्ही लिहिलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, ‘रात्रीची वेळ टाकून ती ओळ घालून घ्या.’ तुम्ही घातली की नाही, यावर पत्र गप्प आहे. घातली नसेल तर आता हातही लावू नका. घातली असेल तर ते वकिलाला आधी सांगा, आयोगासमोर उलटतपासणीत नको. राहून गेलेली नोंद करता येते, पण त्या दिवसाची तारीख, लिहितानाची वेळ आणि खाली सही घालून. रात्रीची ओळ वेगळ्या पेनाने, दोन ओळींच्या मध्ये दाटून बसवलेली असेल तर ती समोरच्या वकिलाला आधी दिसते. फोनवरच्या आदेशावर डॉक्टरांची सही सकाळी राउंडलाच घ्यायची असते, ही सवय पुढच्या नाइटसाठी.

एएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, तुम्ही कोल्हापुरात केलंत आणि नोंदणी महाराष्ट्राच्या नर्सिंग परिषदेची आहे. कर्नाटकात काम करताना इथल्या परिषदेची नोंदणी हवी. ती नसणं म्हणजे निष्काळजीपणा असं आपोआप ठरत नाही, असं मला वाटतं, पण समोरचा वकील तो मुद्दा सोडणार नाही. अर्ज लगेच करा, मागची तारीख घालून नव्हे.

पोलिसांची भीती तूर्त सोडा. पेशंट दगावला असता तर गोष्ट वेगळी होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, इतरांना ५ वर्षांपर्यंत, आणि नर्स त्या इतरांत येते.

तर १७ च्या आत. मुदतवाढीचा अर्ज आणि लेखी म्हणणं एकाच दिवशी, सोबतच द्या, अर्ज मंजूर होईपर्यंत म्हणणं घरी ठेवू नका. दोन्हींच्या प्रतींवर आयोगाच्या ऑफिसचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. येताना ते पाकीट आणा, फाडलेल्या तोंडासकट, आणि सासूबाईंना विचारा, पोस्टमनने सही कुठल्या तारखेला घेतली होती.