नॉर्वेत पक्ष्यांची गाणी रेकॉर्ड करायला उन्हाळ्यात नेमकं कधी जावं?

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जा आणि रेकॉर्डिंग पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान करा. नर गातात ते जोडीदारासाठी आणि हद्द राखण्यासाठी. एकदा पिल्लं झाली की चारा भरवण्यातच दिवस जातो, त्यामुळे जुलैत गाणी बरीच विरळ होतात. पहाटे वाराही बहुधा पडलेला असतो, तरी माइकला केसाळ कव्हर हवंच. आपल्याकडे थंडीत पाणथळीच्या गवतात गुपचूप वावरणारा ब्लूथ्रोट तिथे डोव्हरेफ्येलच्या डोंगराळ भागात झुडपाच्या शेंड्यावर बसून दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत गातो. तो अजिबात चुकवू नका! फक्त रेकॉर्डिंग वाजवून त्याला जवळ बोलावू नका, ऐन विणीत त्याला त्रास होतो. मात्र नॉर्वेच्या उत्तर भागात, त्रोम्सो, वारांगरकडे बर्फ उशिरा वितळतो, तिथे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा धरा.