पगार २४ हजार, सायकल २९,५०० ची आणि मध्ये मारुती मंदिराचा चढ

ताई, तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या भाट्याहून मिरजोळे एमआयडीसीत रोज जाऊन येऊन १६ किमी होतात, पगार २४ हजार, बँकेत ३५ हजार, स्कूटरच्या पेट्रोलला वैतागलात म्हणून २९,५०० ची गिअरची सायकल १२ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर घ्यायचीय, आणि तीही आत्ता मे महिन्यात. सायकल जरूर घ्या, पण पाऊस गेल्यावर आणि रोखीने.

पेट्रोलचा हिशोब खरा खरा मांडू. महिन्याला २५ दिवस नाही, १८ दिवस सायकल धरा, कारण कधी पाहुणे, कधी बाजार, कधी अंगात कणकण, हे होतंच. म्हणजे २८८ किमी, स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ धरलं तर साधारण ६७० रुपये. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर तुम्ही स्कूटर किंवा एसटीनेच जाणार, म्हणून हे ६७० आठच महिने वाचतात. वर्षाला ५,३००-५,४००. त्यातून टायर-ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर यांना हजार-दीड हजार वजा करा. स्कूटर घरात राहणारच, तिचा ७१४ चा थर्ड पार्टी विमा (त्यावर जीएसटी वेगळा) आणि पीयूसी चुकत नाही. म्हणजे २९,५०० वसूल व्हायला सात वर्षं! तब्येतीचा फायदा मी पैशात मोजत नाही, तो आहेच.

आणि नो कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे हो. रोख घेतली तर मिळणारी सूट बहुतेक वेळा जाते, प्रोसेसिंग फी लागते, आणि क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही पडतो. शिवाय २,४५८ चा पहिला हप्ता नेमका आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) खरेदीत आणि शाळेच्या फीमध्ये येणार, पुढचे गणपतीत, आणि सायकल तोवर पडवीत गंज खात उभी.

त्यापेक्षा तेच २,४५८ जूनपासून पाच महिने स्वतःच्या खात्यात टाका, १२,२९० होतात. भाद्रपदात एखादा महिना चुकला तरी कोणी दंड लावणार नाही. बँकेतल्या ३५ मधून सहा हजारच काढा, बाकी अडीअडचणीला राहू दे.

या १८ हजारांत काय घ्यायचं? १४-१५ हजारांची साधी हायब्रिड (रोडच्या आणि डोंगरी सायकलच्या मधली), मागे सातच गिअर पण सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची तरी हवी, नाहीतर खालच्या बाजारातून मारुती मंदिरापर्यंत उतरून ढकलावी लागेल. पुढचं सस्पेन्शन नको, वजन वाढतं आणि खाऱ्या हवेत स्वस्तातलं सस्पेन्शन लवकर आखडतं, माझ्या आधीच्या सायकलचं दोन वर्षांत जाम झालेलं. डिस्क ब्रेकला मात्र मी नाही म्हणणार नाही, ओल्या रस्त्यावर तो चढ उतरताना रिमचे ब्रेक उशिरा धरतात, फक्त केबलवाला घ्या म्हणजे गावातला मेकॅनिकही दुरुस्त करेल. २०२५ च्या सप्टेंबरपासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, बिल बघून घ्या.

उरलेले तीन-साडेतीन हजार सामानाला, आणि इथे हात आखडू नका: दोन्ही मडगार्ड (जांभ्याचा लाल चिखल पाठीवर उडतो), चेनकव्हर म्हणजे ओढणी अडकणार नाही, कॅरिअर, पुढे-मागे लाईट, चांगलं कुलूप, हेल्मेट. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, वाळली की चेनला तेल द्या.

तोवर कोणाची तरी जुनी सायकल पंधरा दिवस मागून घ्या आणि ड्युटीच्या वेळेलाच तो चढ चढून बघा. आठव्या दिवशीही जावंसं वाटलं तर पैसे टाकायला सुरुवात करा, नाहीच वाटलं तर मला परत लिहा, त्या पैशांचं दुसरं काहीतरी बघू.