वाचकांचे प्रश्न : विमानतळावरची ठेक्याची नोकरी

प्रश्न : माझा मुलगा नागपूर विमानतळावर ठेकेदाराकडे लोडर (सामान चढवणारा-उतरवणारा) आहे. परवा बेल्ट लोडर (सामान विमानात चढवायची पट्ट्याची गाडी) लावताना ती गाडी सामानाच्या दाराजवळ विमानाला घासली. सुपरवायझर म्हणून राहिले, ‘तोंड उघडलं तर पहिले तुझाच पास जाईल.’ पोट्टा दोन दिवसांपासून नीट जेवला नाही. काय करावं? (एक वाचक, उमरेड तालुका)

उत्तर : विमान निघून गेलं असलं तरी त्याने आजच सांगावं. उंचावर विमानाच्या आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा बराच जास्त असतो. प्रत्येक उड्डाणात पत्र्यावर ताण येतो आणि उतरतो, आणि पोचा किंवा चीर असेल तर तो ताण तिथेच साठतो. डिसेंबर 2005 मध्ये अमेरिकेत सिएटलहून निघालेल्या एका एमडी-83 विमानाला सुमारे 26,000 फुटांवर फूटभर लांबीचं भोक पडलं. जमिनीवर सामानाच्या गाडीचा धक्का बसला होता आणि तो कोणी कळवला नव्हता. विमान सुखरूप परतलं.

मुलाने विमान कंपनीच्या ड्यूटी मॅनेजरला फ्लाइट क्रमांक, वेळ, पार्किंग स्टँड, विमानाची डावी की उजवी बाजू, दाराच्या पुढे की मागे, हे सगळं लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. ठेकेदाराच्या किंवा विमानतळाच्या सेफ्टी विभागालाही तेच द्यावं. प्रामाणिक चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नको, हे विमानसुरक्षेचं मूळ तत्त्व आहे. लपवणाऱ्याला मात्र ते संरक्षण नाही, म्हणून गप्प बसण्यात धोका मुलालाच जास्त. परवानगीशिवाय ॲप्रनवर (विमानं उभी असतात त्या जागी) मोबाइलने फोटो काढू नये. कारवाईला आयतं निमित्त मिळतं.

पुन्हा असं झालं तर बेल्ट लोडर तिथेच थांबवावा आणि इंजिनिअरला बोलवावं. पोच्याची खोली-लांबी मोजून विमान सोडायचं की नाही, हे तोच ठरवतो. सुपरवायझरला तो अधिकार नाही.

चूक एकट्या पोराची मानू नका. सामान भरताना विमान खाली बसतं, उतरवताना वर उचललं जातं. म्हणून बेल्ट लोडर आणि पत्रा यांत फट ठेवावी लागते आणि गाडी जवळ नेताना इशारा द्यायला एक माणूस लागतो. अर्ध्या तासात विमान परत पाठवायच्या घाईत नेमका तोच माणूस कमी केला जातो. हेही त्या कागदात लिहावं.

प्रश्न : ड्यूटी 12 तासांची, पगार 8 तासांचा, तोही 20 तारखेनंतर. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात दोनदा खेटे घातले. (कुही)

उत्तर : खेटे चुकीच्या दारी पडले. हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते. तक्रार नागपुरातल्या केंद्रीय प्रादेशिक कामगार आयुक्तांकडे करा, किंवा केंद्रीय कामगार खात्याच्या ‘समाधान’ पोर्टलवर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत आणि जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळायला हवा. ठेकेदाराने बुडवला तर ज्याचं काम केलं त्या मुख्य मालकावर जबाबदारी येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं टाका. छोट्या वहीत रोज तारीख, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहा. बँकेचं स्टेटमेंट जोडा. ‘उमंग’ ॲपवर पीएफचं पासबुकही पाहा. पगारातून 12 टक्के कापून ते भरलेच नसतील, तर ती वेगळी तक्रार होते.

प्रश्न : मुलीच्या मूळ मार्कशीट ठेकेदाराने ठेवून घेतल्या. तिला दुसरीकडे जायचं आहे. (काटोल)

उत्तर : मूळ कागद अडवून ठेवायचा ठेकेदाराला हक्क नाही. आधी लेखी मागणी करा, आठवड्यात न दिल्यास पोलिसांत अर्ज द्या. यापुढे फक्त झेरॉक्स द्याव्यात. राजीनाम्याची तारखेसह पोच घ्या, आणि विमानतळाचा पास परत केल्याची वेगळी पावती सांभाळून ठेवा. नव्या कंपनीत पास काढताना ती विचारली जाऊ शकते.