चित्रकला नाही आली तरी चालेल, टेप धरता आला पाहिजे

प्रश्न : मी बारावीला आहे. घरात कुठली वस्तू कुठे ठेवायची ते मीच ठरवते. रंगांची मला चांगली जाण आहे असं सगळे म्हणतात, म्हणून इंटिरिअर डिझाइन करायचं मनात आहे. पण माझी चित्रकला यथातथाच आहे, आणि मी फारशी बोलकीही नाही. माझा निभाव लागेल का?

उत्तर : चित्रकलेची काळजी सोड. सुताराला बिनचूक कळेल असं रेखाटन जमलं की झालं, आणि ते सरावाने जमतं. वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी आणि मधून कापली तर कशी, एवढंच त्यात असतं.

मला अडला तो तुझ्या पत्रातला दुसराच शब्द : रंगांची जाण. रंग पुष्कळांना कळतात गं, मापं फार थोड्यांना कळतात. मलाही कळत नव्हती. नोकरीला लागल्यावर माझ्याकडे आलेलं पहिलं काम म्हणजे दोन भिंतींमधलं कपाट. मी जमिनीलगत टेप लावला, १८०० मिलिमीटर भरले, तेच ड्रॉइंगवर लिहून दिलं. कपाट तयार होऊन आलं आणि आत सरकवताना वरच्या बाजूला अडकलं. छताशी जागा होती १७८८! मेस्त्री मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, काढला आणि भिंतीच्या माथ्याशी धरला. वर भिंतीला टेकलेली दोरी खाली भिंतीपासून बोटभर लांब लोंबत होती. ती फट मला अजून दिसते.

तेव्हापासून मी प्रत्येक रुंदी तीन ठिकाणी मोजते : खाली, मध्ये, वर. कोपरा काटकोनात आहे का तेही बघते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांची खूण करायची, दुसरीवर ४ फुटांची. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा सरळ. बहुतेक वेळा येत नाही.

तू आजपासून घरातल्या वस्तू मोजायला लाग. जेवायच्या टेबलाची खुर्ची बसायला नीट वाटत असेल तर तिची बैठक जमिनीपासून साधारण ४५० मिलिमीटरवर निघेल, टेबल ७५०वर. मधले ३०० तुझ्या मांड्यांसाठी आहेत. असं कारणासकट माप कळलं की ते पाठ करावं लागत नाही.

पैशांचा हिशेबही मापातच दडलेला असतो. प्लायचा तक्ता ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे रुंदीला साधारण १२२० मिलिमीटर. कपाटाची खोली ६०० ठेवलीस तर तक्त्याच्या रुंदीत दोन पट्ट्या निघतात. हौसेने ६२० केलीस की एकच निघते आणि उरलेला तुकडा कुठे खपवायचा ते शोधत बसायचं. क्लायंटला यातलं काही दिसत नाही, बिल मात्र दिसतं.

रंगांबद्दल एकच सांगते. नमुना ज्या दिव्याखाली राहणार, त्याच दिव्याखाली बघून पक्का कर. २७०० केल्विनच्या पिवळसर उजेडात उबदार वाटणारी राखाडी छटा ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात निळी पडू शकते.

आता न बोलण्याबद्दल. कमी बोलणारी माणसं या कामात उलट बरी, कारण ती ऐकतात. एका गृहस्थांना पुस्तकांसाठी वेगळी खोली हवी होती. मी विचारलं, ‘शेवटचं पुस्तक कुठे बसून वाचलंत?’ ते जरा ओशाळून म्हणाले, ‘पलंगावर, झोपायच्या आधी.’ खोलीचा बेत रद्द झाला. पलंगाशेजारी चांगला दिवा आणि हात पोचेल असं फडताळ केलं. मात्र दोन ठिकाणी तोंड उघडावंच लागेल : काम लांबणार असेल तेव्हा आणि खर्च वाढणार असेल तेव्हा. तेही कळल्याच्या दिवशीच. मी सुरुवातीला चार-चार दिवस फोन टाळायची, आणि मग दुप्पट ऐकून घ्यायची.

प्रश्न : वय ३६. नोकरी सांभाळून हे शिकायचं आहे. आधी कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

उत्तर : आधी पेन्सिल आणि स्केल. स्वतःच्या खोलीचा प्लॅन १ : ५० या प्रमाणात हाताने काढा, दारं कुठल्या बाजूला उघडतात त्यासकट. तो जमला की ऑटोकॅड, मग स्केचअप. थ्रीडी चित्रांच्या नादी लगेच लागू नका. तिथे सगळ्या भिंती सरळ असतात. आणि फी भरण्याआधी, काम चालू असलेल्या एखाद्या साइटवर परवानगी घेऊन दिवसभर उभे राहून बघा. प्लाय कापताना उडणारा भुसा सोसत नसेल तर ते आधीच कळलेलं बरं.