गरोदरपणात वाढलेला रक्तदाब आता नॉर्मल आहे; तरीही हृदयाची काळजी घ्यावी लागते का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २९ आहे, पहिले बाळंतपण माहेरी झाले, ३३व्या आठवड्यात रक्तदाब १६०/११० पर्यंत चढला, लघवीत प्रथिन सापडले आणि तातडीने सिझेरियन करावे लागले. बाळ आता आठ महिन्यांचे आहे, रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांतच बंद झाल्या, कसलाही त्रास नाही, आणि घरचे म्हणतात की झाले ते झाले, आता पुन्हा दवाखाना कशाला. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. तुमच्यासारख्या स्त्रिया माझ्याकडे येतात त्या बहुधा पंधरा-वीस वर्षांनी, रक्तदाब, साखर किंवा छातीतल्या दुखण्यासाठी. त्या बाजूने पाहता माझे उत्तर असे आहे की काळजी घ्यावी लागते, पण ती महागड्या तपासण्यांची नसून आयुष्यभर रक्तदाब मोजत राहण्याची आणि या बाळंतपणाची माहिती पुढच्या प्रत्येक डॉक्टरपर्यंत पोहोचवण्याची आहे.

तुम्हाला जे झाले त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. गर्भाशयातून वारेकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात. त्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत तर वारेला रक्त कमी पडते, आणि तिच्यातून आईच्या रक्तात अशी द्रव्ये उतरतात की जी सगळ्या शरीरातील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वार बाहेर पडली की हा मारा थांबतो, म्हणून ‘बाळंतपण झाले की बीपी उतरते’ हे म्हणणे बव्हंशी खरे आहे. मात्र अस्तराला झालेली इजा सगळ्यांचीच पूर्ण भरून येत नाही. शिवाय काही जणींचा कल मुळातच रक्तदाब आणि हृदयविकाराकडे असतो आणि गरोदरपणाचा भार पडल्यावर तो पहिल्यांदा उघड होतो. ही दोन्ही कारणे एकाच स्त्रीत एकत्र असू शकतात, आणि दोन्हींत पुढची काळजी तीच राहते.

धोका किती, हे आकड्यांत सांगायचे तर २०१७ साली २२ अभ्यासांची आणि ६४ लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना प्रीएक्लॅम्पसिया झाला होता त्यांच्यात पुढे हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडण्याचे, प्रमाण सुमारे चौपट, हृदयाच्या रोहिण्यांच्या आजाराचे सुमारे अडीचपट आणि पक्षाघाताचे जवळजवळ दुप्पट आढळले. हे आकडे वाचून घाबरू नका. तिशीच्या आतील स्त्रीला येत्या दहा वर्षांत हृदयविकार होण्याची शक्यता मुळात फार थोडी असते आणि थोड्याची दुप्पट ही थोडीच राहते. खरा मुद्दा रक्तदाबाचा आहे. तो अशा स्त्रियांमध्ये इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा आणि लवकर वाढतो, वाढला तरी दुखत-खुपत नाही, आणि पुढच्या बहुतेक गुंतागुंती त्याच्याच वाटेने येतात. ज्यांचे बाळंतपण तुमच्यासारखे ३४ आठवड्यांच्या आत करावे लागले त्यांना हा धोका अधिक असतो. केवळ वाढलेला रक्तदाब, गरोदरपणातील मधुमेह, दिवस पूर्ण होण्याआधीची प्रसूती किंवा पोटात बाळाची वाढ खुंटणे, यांपैकी काही झालेल्या वाचक स्त्रियांनाही हे उत्तर कमीअधिक प्रमाणात लागू आहे.

आता ज्या गोष्टीकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तिच्याविषयी. पहिले बाळंतपण माहेरी, पुढचे आयुष्य सासरी किंवा नवऱ्याच्या नोकरीच्या गावी. डिस्चार्ज कार्ड आईच्या कपाटात राहते. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांचा संबंध टाके आणि लसीकरणाच्या सुमारास संपतो, त्यानंतर सगळ्या दवाखान्यांच्या फेऱ्या बाळासाठी होतात, आणि फिजिशियनकडे ही स्त्री येते तेव्हा चाळिशी उलटलेली असते. मी प्रत्येकीला विचारते की बाळंतपणात बीपी वाढले होते का. ‘हो, पण ते तेव्हाच गेले’ असे उत्तर येते, म्हणजे विचारले नसते तर तिने सांगितलेच नसते. दोष तिचा नाही, कारण हे पुढे सांगायचे असते असे तिला कोणी बजावलेलेच नसते. सरकारी व्यवस्थेतही फट आहे: आरोग्य केंद्रांतील रक्तदाब-मधुमेहाची तपासणी मोहीम तिशीपासून पुढच्यांसाठी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा हृदयविकाराचा धोका मोजण्याचा तक्ता चाळिशीपासून सुरू होतो व त्यात बाळंतपणाचा प्रश्नच नाही. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने मात्र २०११ पासूनच स्त्रियांच्या जोखमीच्या यादीत प्रीएक्लॅम्पसिया आणि गरोदरपणातील मधुमेह यांचा समावेश केला आहे.

म्हणून माहेरी फोन करून ते डिस्चार्ज कार्ड मागवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कितव्या आठवड्यात प्रसूती झाली, रक्तदाब जास्तीत जास्त किती गेला, लघवीत प्रथिन किती होते, प्लेटलेट व यकृताचे रिपोर्ट कसे होते आणि बाळाचे वजन किती होते, एवढे त्यात दिसले पाहिजे. दातांचे डॉक्टर सोडले तर यापुढे ज्या डॉक्टरांकडे प्रथम जाल त्यांना ते न विचारता दाखवा.

तपासण्यांविषयी माझे मत थोडे कंजूष आहे. प्रसूतीला आठ महिने झाले आहेत, तेव्हा आता एकदा रक्तदाब, लघवीतील प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉलचा संपूर्ण रिपोर्ट पुरेसा आहे. कोलेस्टेरॉल गरोदरपणात वाढतेच, त्यामुळे प्रसूतीनंतर लगेच केलेल्या रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नये. तुमच्या बाबतीत आता हरकत नाही. लघवीत अजूनही प्रथिन जात असेल तर मूत्रपिंडाची नीट तपासणी हवी, कारण प्रीएक्लॅम्पसियाचे प्रथिन एवढ्या दिवसांत जायला हवे होते. एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) करायला सांगितले तर आधी हिमोग्लोबिन पाहा. पंडुरोग असताना त्या आकड्यावर विसंबता येत नाही. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला होता त्यांनी प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करणे आवश्यक आहे आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहावे. लक्षणे नसताना आणि रक्तदाब नॉर्मल असताना अँजिओग्राफी, सीटी किंवा ‘फुल बॉडी पॅकेज’ यांवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही. तुमच्या वयात, गरोदर नसताना, हृदयासाठी म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन घेणेही योग्य नाही.

घरी दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचे नको, आणि पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा असू द्या. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा, बोलू नका, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको. असे सात दिवस सकाळ-संध्याकाळ करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटा. सरासरी चांगली आली तर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या दिवशी मोजत राहा आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. बाळाला अंगावर पाजत असल्यामुळे गोळी टाळू नका. नायफेडिपिन, लॅबेटालॉल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या स्तनपानाच्या काळात सर्रास दिल्या जातात. पहिल्या काही महिन्यांत रक्तदाब नीट सांभाळल्याचा फायदा पुढे टिकतो असे दिसते. ऑक्सफर्डमधील २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बाळंतिणींनी घरी रक्तदाब मोजून पाठवला आणि त्यानुसार डॉक्टरांनी गोळ्या ठरवल्या. नऊ महिन्यांनंतर त्यांचा खालचा रक्तदाब नेहमीचे उपचार घेतलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरी सुमारे ६ अंकांनी कमी होता.

आहाराबाबत घरात वाद होतात असे तुम्ही सूचित केले आहे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, तूप, खोबरे-खारीक यांना सव्वा महिन्यापुरता माझा विरोध नाही. पण बाळ रांगायला लागले तरी तेच खाणे चालू असेल तर ते वजन उतरू देत नाही. आपल्याकडे वजनाचे मापही थोडे कडक धरावे लागते: भारतीय स्त्रीसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २३ पासून जास्त समजतात आणि कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. मिठाचे दिवसाचे प्रमाण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभराच्या आत, आणि त्यात लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण सगळे आले. नुसती भाजी अळणी करून ताटात पापड-लोणचे ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्याला १५० मिनिटे दम किंचित वाढेल असे चालणे पुरेसे आहे, पण त्यासाठी बाळाला घरातल्या कोणीतरी अर्धा तास घेतले पाहिजे. हा सल्ला खरे तर तुमच्या घरच्यांना आहे. स्तनपान जमेल तितके चालू ठेवा. ज्यांनी ते केले त्यांच्यात पुढे हृदयविकाराचे प्रमाण थोडे कमी आढळले आहे, मात्र ज्यांना जमले नाही त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये.

छातीवर दाब, जबड्यात किंवा पाठीच्या वरच्या भागात दुखणे, दरदरून घाम, अकारण धाप, मळमळ, असे काही झाले तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. १०८ला फोन करा किंवा ईसीजी होईल अशा ठिकाणी जा. नुकत्याच बाळंत झालेल्या वाचकांसाठी एवढे सांगते की प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा वरच्या पोटात दुखणे, आणि पाच महिन्यांपर्यंत आडवे झाल्यावर धाप लागणे व पाय सुजणे, हे जागरणाच्या थकव्यावर ढकलू नये. दुसऱ्या प्रकारात हृदयाचा स्नायू अशक्त झालेला असू शकतो आणि त्यासाठी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो.

दुसऱ्या बाळाविषयी तुम्ही शेवटी विचारले आहे. पुन्हा प्रीएक्लॅम्पसिया होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त आहे, तरी बहुतेक जणींना तो पुन्हा होत नाही. निदान दोन वर्षांचे अंतर ठेवा. मधल्या काळात रक्तदाब वाढलेला असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळा, तांबी चालते. एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या, कारण ती गर्भाला घातक आहे. दिवस राहिल्याचे कळताच, आठव्या आठवड्याच्या आसपास, ते कार्ड घेऊन नाव नोंदवायला जा. अशा स्त्रियांना साधारण बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत, रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केले जाते आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्याही गोळ्या दिल्या जातात. बंगळूर आणि टांझानियात झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात कॅल्शियमचा ५०० मिलिग्रॅमचा डोस प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यात १५०० मिलिग्रॅमच्या डोसापेक्षा कमी पडला नाही, त्यामुळे दिवसाला तीन गोळ्या गिळवत नाहीत ही अडचणही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.